औषधाला उपास नसतो

शुक्रवार, १२ सप्टेंबर

आणि वर मलाच म्हणते, तिकडे बसून ऑर्डरी सोडू नकोस. मी ऑर्डरी सोडतो? आईची साखर वाढली तर विचारायचं पण नाही? मी काय परका आहे? ताईला काही विचारलं की तिचं ठरलेलं, "मग ये इकडे आणि तू कर." बरं, येतो. आजच राजीनामा टाकतो. मग हिंदमाताला दुकानात साड्यांच्या घड्या घालून हिला जे मिळतं, त्यात घर चालवून दाखव म्हणावं.

हे सगळं फोन ठेवल्यावर सुचलं. फोनवर मी नुसताच ओरडलो. म्हणून इथे लिहितोय. सेफ्टीच्या क्लासात कंपनीने सगळ्यांना डायरी वाटली. बाकीचे तिच्यात पत्त्यांचे पॉइंट लिहितात. मी आठवी नापास आहे, पण अक्षर माझं चांगलं आहे.

गोष्ट एवढीच. आईला सहा वर्षं डायबेटिस आहे. मार्चमध्ये तिची तीन महिन्यांची साखर आठ होती. परवा रिपोर्ट आला, पावणेदहा. हिरड्यांतून रक्त येतं ते वेगळंच. सकाळी उशीच्या अभ्र्याला डाग असतात म्हणे. ज्या बाईने जन्मभर दाताने नारळाची शेंडी सोलली तिच्या तोंडाची ही हालत! माझं म्हणणं सरळ आहे, गणपतीत कोणीतरी हिला मोदक चारलेत. काळाचौकीत गणपतीचे दिवस म्हणजे प्रत्येक घरातून ताट फिरतं. ताई म्हणते, "एक मोदक नाही खाल्ला. मी ताटावर झाकण घालून बसले होते. चहा बिनसाखरेचा, भात दोन डाव. अजून काय करू, तोंड शिवू तिचं?"

मग साखर काय नळाला येते?

मी माझ्या बाजूने काय करायचं बाकी ठेवलंय? जूनमध्येच कॅम्पमधला यूपीवाला शर्मा बोलला होता, मसूड़ों से खून निकलता है मतलब विटामिन सी कम है, पुराने जमाने में जहाजवालों को होता था. त्याच शुक्रवारी कॅम्पमधून सोहार गावात गेलो. ओमानात आलो तरी गाव ते गावच. फार्मसीतला मलबारी हजार प्रश्न विचारायला लागला, किसके लिए, शुगर है क्या, बीपी है क्या, दवा कौनसा चालू है. माझं डोकं फिरलं. मी काय चोरी करायला आलोय? शेजारच्या सुपरमार्केटमध्ये तेच व्हिटॅमिन स्वस्तात, आणि कोण काही विचारत नाही. बाटलीवर संत्री, लिंबं आणि एक हसणारं पोर. आईच्या घशात गोळी अडकते, कडक काही चावत नाही. ही मऊ, रबरासारखी, चावून खायची. म्हटलं, आईसाठीच बनवलीय. दहा बाटल्या घेतल्या आणि गावी जाणाऱ्या एका पोराबरोबर पाठवल्या.

ताई जवळ राहून काय करते, आणि मी लांब राहून काय करतो, याचा कोणीतरी एकदा निकाल लावावा.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

आज व्हिडिओ कॉल. आईने आधी मला देवाची फळी दाखवली. गणपतीच्या तसबिरीच्या बाजूला माझी बाटली.

"आये, देवात काय ठेवलीस ती?"

"मगे? झिलान परदेशातसून धाडलेलां औषध. आधी देवाक दाखवलंय, मगे तोंडात घातलंय."

"लागू पडतंय ना?"

"लागू पडता तर! बाकीच्यो गोळ्यो कडू जहर. ह्यां कसां, लहानपणी संत्र्याची गोळी मिळायची ना, तसां लागता. तोंडाक चव इली माझ्या."

मागून ताई भांडी घासत होती. "चव आली, पण दात चाललेत," म्हणाली. हिला कौतुक म्हणून करवत नाही.

"किती घेतेस?" मी विचारलं.

"सकाळी दोन, रात्री दोन. मधी हिरडी ठणाकली तर आणि एक."

"घे बिनधास्त. व्हिटॅमिन आहे. जास्त झालं तर लघवीतून निघून जातं." हे पण शर्माच बोललेला. "बाकी तुझ्या साखरेच्या गोळ्या चालू आहेत ना?"

"आसत. तुझां मात्र एक दिवस चुकवक नाय."

एक बाटली गंगुबाईला पण दिली म्हणाली. गंगुबाई म्हणजे आमच्या बाजूच्या खोलीतली, तिला पण साखर आहे, तिचे पण दात हलतात. चाळीत माझं नाव झालंय. गंगुबाई सगळ्यांना सांगते, जाईबायचो झील डॉक्टरासारखां औषध धाडता. बरं वाटलं. इथे मला कोण विचारतं? "ए मुंबई, क्लॅम्प ला. ए मुंबई, पाइप पकड." बस.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

आज सुट्टी पण नाही. टाकीभोवतीची अर्धी परांची उतरवून पुन्हा बांधली.

लिहून ठेवतो, कारण मी हादरलो. सोमवारी मीच तिसऱ्या मजल्यावर उभा होतो. पाइप नवा, क्लॅम्प घट्ट, मी स्वतः स्पॅनर मारलेला. तरी सगळं हलत होतं. मी परत परत क्लॅम्पच आवळत होतो. फोरमनने खालून बोंब मारली, "ऊपर क्या देखता है गधे, नीचे देख!" खाली बघतो तर पाण्याची लाइन गळत होती आणि फळीखालची वाळू निघून गेलेली. पाया पोकळ. वर कोणी माणूस असता तर मेला असता असं नाही, मी होतोच ना तिथे.

मी लालबाग-काळाचौकीत मांडव बांधत मोठा झालो. बांबू, काथ्या, गाठी. आम्हाला कोणी पाया बघायला शिकवलं नाही, तिथे खाली डांबर असायचं.

शुक्रवार, ३ ऑक्टोबर

आठवडाभर फोन करता आला नाही. प्लांट बंद ठेवून दुरुस्ती चाललीय, बारा बारा तास ड्युटी. आज मोबाइल चालू केला तर ताईचा फोटो.

एका वाटीत दात.

मला आधी कळलंच नाही ते काय आहे. लांबट, मुळासकट. किडलेला नाही, तुटलेला नाही. अख्खा. ताईने खाली लिहिलेलं, काल दसऱ्याला दहीभात खाताना पडला. दहीभात! दाताखाली खडा आला म्हणून तिने बाहेर काढलं, तर तो दात.

ताईला फोन लावला. म्हणाली, "रक्त पण फार नाही आलं रे. पिकलेलं फळ पडावं तसा आला हातात. मला धडकीच भरली. आई हसते. म्हणते, एक गेलो, सुटलो."

"डॉक्टरला दाखवलं?"

"आमच्या त्या साखरेच्या डॉक्टरांनी मागेच सांगितलंय, दातांच्या डॉक्टरकडे जा. ही जाते कुठे! म्हणते, स्वप्नीलाचां औषध चालू आसा, तां संपांदे."

म्हणजे बघा, आईला निदान भरवसा आहे. मी लगेच ठरवलं, डोस कमी पडतोय. दौलतकाका दिवाळीला घरी जातोय. काळाचौकीचाच, आमच्या मागच्या चाळीतला, इथे फिटर आहे. त्याच्या बॅगेत आणखी सहा बाटल्या टाकल्या. आणि ताईला भाऊबीजेचं सेंट. एवढी भांडते तरी.

शनिवार, ११ ऑक्टोबर

काल घरात राडा झाला आणि मी दीड हजार किलोमीटरवरून नुसता ऐकत बसलो.

ताईने साखर बघायचं मशीन आणलं. काल संकष्टी. आईचा उपास म्हणजे चंद्र निघेपर्यंत पाणी आणि बिनसाखरेचा चहा. साबुदाणा ताईने बंदच केलाय. संध्याकाळी ताई दुकानातून आली आणि तिने आईचं बोट टोचलं. दोनशे ब्याण्णव! दिवसभर पोटात काही नाही आणि दोनशे ब्याण्णव. परत टोचलं, दुसरं बोट. तेवढेच.

मला फोन लावून ताई रडायलाच लागली. "मी आपल्याच घरात चोर शोधला रे. पिंपामागे बघितलं, गादीखाली बघितलं. आईच्या ट्रंकेत हात घातला मी. एक बत्तासा मिळाला नाही."

मी म्हटलं, फोन आईला दे.

"आये, खरं सांग. काय खातेस?"

"काय एक खावक नाय."

"मग साखर कुठून आली?"

"त्या मशीनाक इचार. मी काय सांगू?"

"आये, मी रागावणार नाही."

तेव्हा ती म्हणाली, "स्वप्नीला, तुझी शपथ. तुझ्या डोक्याची शपथ घेवन सांगतंय, गोड म्हणान तोंडात घातलंय असात तर."

ताई पलीकडून किंचाळली, "त्याची शपथ नको घेऊस गं!"

माझी आई माझी शपथ खोटी घेईल? मी चौथीत असताना तिने एकदा बाबांना वाचवायला देवाची खोटी शपथ घेतलेली, पण माझी कधी नाही. देव चालतो तिला, मी नाही. मग मशीन खोटं? ताई म्हणते, तिने स्वतःचं बोट टोचून बघितलं, शंभरच्या आत आली.

शेवटी आई चिडून म्हणाली, "सकाळपासून तोंडात काय गेलां असात तर तुझां औषध तेवढां. उपास कडक होतो, चक्कर येय, म्हणान चार जास्ती घेतलंय. औषधाक उपास नसता."

चला, निदान औषध तरी चुकवत नाही. तेवढाच आधार. पण शपथेचं डोक्यातून जात नाही. आज क्लॅम्प उलटा लावला, शिव्या खाल्ल्या.

बुधवार, १५ ऑक्टोबर

दौलतकाका आज गेला. आईचा गाल सुजलाय. ताई म्हणते, शुक्रवारी अर्धी रजा टाकून उचलून नेते.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

आज अक्षर खराब येईल.

ताईने आईला दादरला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. हिरडीत पू झालेला. डॉक्टरीण तरुण आहे, डॉ. ऋग्वेदा म्हणून. पू काढला, अँटिबायोटिक दिलं, आणि मग म्हणाली घरातल्या सगळ्यांना नीट सांगते, म्हणून ताईने मला व्हिडिओवर घेतलं.

डॉक्टरने एक्स-रे दाखवला. "हे बघा स्वप्नील, दात चांगले आहेत काकूंचे. प्रॉब्लेम दातांचा नाहीये. दात ज्या हाडात उभे आहेत ते हाड झिजत चाललंय. हिरडीच्या खाली घाण साठलीय, तिथे इन्फेक्शन आहे. साखर जास्त असली की हिरड्या बऱ्या होत नाहीत, आणि हिरड्या सुजलेल्या असल्या की साखर उतरत नाही. दोन्ही एकमेकांना धरून बसलेत."

मला वाळू दिसली. फळीखालून निघून गेलेली.

तिने विचारलं, "काकू, मिशरी लावता?"

"सोडली."

ताईने खोकून दाखवलं.

"कधीतरी," आई म्हणाली. "ठणाकला तर."

"ती आजपासून पूर्ण बंद. आणि औषधं काय काय चालू आहेत? सगळी आणायला सांगितली होती."

आईने पिशवीतून एकेक काढलं. साखरेच्या दोन गोळ्या. प्रेशरची एक. आणि मग पदराच्या टोकाने पुसून माझी बाटली. मी फोनमध्ये जरा ताठ बसलो. खरंच बसलो. आता डॉक्टर बोलेल, वा, कोणी पाठवलं.

डॉक्टरने बाटली फिरवली. मागचं वाचलं. मग झाकण उघडून वास घेतला. नंतर अगदी हळू विचारलं, "काकू, ह्या दिवसाला किती खाता?"

"धा. बारा. कधी जास्ती."

"आई!" ताई ओरडली. "चार म्हणालीस ना मला!"

"चार तुझ्यासमोर."

डॉक्टरने फोन स्वतःच्या हातात घेतला. "स्वप्नील, ह्या लहान मुलांच्या आहेत. थोडं व्हिटॅमिन आहे ह्यात, नाही असं नाही. पण बाकी साखर आणि साखरेचा पाक, जेली करून. बारा खाल्ल्या म्हणजे पाच-सहा चमचे साखर झाली. तीही एकदम पोटात जात नाही, दिवसभर हिरडीच्या फटीत चिकटून बसते."

मी म्हटलं, "नाही हो, ते व्हिटॅमिन सी आहे."

"आहे ना. साखरेत घोळवलेलं."

आई डॉक्टरकडे बघत होती, मग फोनमध्ये माझ्याकडे. तिला बोलणं सगळं कळलं की नाही माहीत नाही. ती फक्त म्हणाली, "त्याका काय एक बोलू नको गो. त्याका काय ठावक!"

तीच सुजलेली, आणि मलाच झाकत होती.

शनिवार, १८ ऑक्टोबर

एक बाटली माझ्या लॉकरमध्ये राहिलेली. काल लिहून झाल्यावर काढली. मागच्या बाजूला बारीक अक्षरं, आधी अरबी, खाली इंग्लिश. मला इंग्लिश येत नाही. पण पहिलाच शब्द होता एस यू जी ए आर.

हा शब्द मला वाचता येतो. मेसच्या दाराशी पोती असतात, त्यावर हाच छापलेला असतो. रोज त्याच पोत्याला टेकून चहा पितो मी.

एक खाऊन बघितली. आई दर आठवड्याला सांगत होती, संत्र्याच्या गोळीसारखी लागते. संत्र्याच्या गोळीसारखी. मी हो हो म्हणत होतो.

घरात मोदकावर झाकण, चहात साखर नाही, साबुदाणा बंद, आणि देवाच्या फळीवर माझी साखर. ताईने ट्रंक शोधली, गादी उलटी केली, देवापुढची बाटली तिने रोज पुसून परत ठेवली. तिने पण बघितलं नाही. आम्हा कोणाच्या डोक्यातच आलं नाही की औषध पण गोड असेल तर गोडच. आईने शपथ खोटी घेतली नव्हती. तिच्या हिशेबाने तिने गोड खाल्लंच नाही.

आणि मी तिला चोर ठरवलं. त्याआधी ताईला.

शर्माला सांगितलं. तो म्हणाला, "मैंने विटामिन बोला था भाई, टॉफी थोड़ी बोला था." मारायला धावलो त्याला. मग सोडून दिलं. तो बरोबरच बोलला.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

भाऊबीज. आणि दौलतकाकाच्या बॅगेत सहा बाटल्या!

डोक्यातून साफ गेलं होतं. दौलतकाका आधी कणकवलीला बायकोच्या माहेरी उतरला होता, आज काळाचौकीत पोचला. त्याला लावतो, आईला लावतो, फोन लागतच नाही. ताई दुकानात, दिवाळीची गर्दी, ती उचलत नाही. घरी आई एकटी. तासभर नुसता चकरा मारत होतो. शेवटी आईनेच फोन केला.

"दौलत येवन गेलो. तुझे बाटले इले."

"आये, त्या उघडायच्या नाहीत. फेकून दे. आत्ताच्या आत्ता."

"फेकू? तू धाडलंस तां फेकू?"

"आये, विष आहे ते तुला!"

"विष कित्याक म्हणतंस रे. सणाचां तोंड वंगाळ करू नको."

मला वाटलं फोन कट झाला. मग खुळखुळ ऐकू आली. मी म्हटलं, आये, खातेस? आये! मी इथे कॅम्पच्या गेटवर उभा राहून सगळ्यांसमोर ओरडलो, आये, तोंडातलं थुंक!

"खावक नाय," ती म्हणाली. "हलवन बघतंय. किती आसत ते."

संध्याकाळी ताईने सांगितलं, ती घरी पोचली तेव्हा सहाच्या सहा बाटल्या दाराबाहेर, चपलांच्या शेजारी ओळीत ठेवलेल्या. सील तसंच. आई आत दाराकडे पाठ करून बसलेली. ताईने त्या सगळ्या डॉक्टरीणबाईंच्या क्लिनिकला नेऊन दिल्या, तिथे काय करायचं ते करतील. मग गंगुबाईकडची परत मागायला गेली. ती अर्धी संपलेली.

गंगुबाई म्हणाली, "अगो, दिलेलां औषध परत मागतंस? पैशे होये तर सांग!"

ताईने तिला खरं काय ते सांगितलं. गंगुबाई खाटेवर बसलीच. मग म्हणाली, "तरीच म्हटलां, कधी नाय तां माका औषध आवडलां कसां!"

उद्या ताई तिची पण साखर बघणार आहे.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

दात साफ करायचं काम सुरू झालं. वरवरचं नाही, सुई देऊन हिरडीच्या आत, मुळापर्यंत खरवडतात. तोंडाचे चार भाग केलेत, एका वेळी एकच. डॉक्टरने आधीच बजावलंय की खालचे पुढचे दात फार हलतात. साखर उतरली आणि हिरडीने धरलं तर वाचतील, नाहीतर ती ओळच काढावी लागेल. जानेवारीत पुन्हा तीन महिन्यांची साखर बघायची, मग ठरवायचं.

रक्त तपासलं त्यात व्हिटॅमिन डी कमी निघालं. त्याची साधी, बिनसाखरेची गोळी दिली, आठवड्याला एक. मी घाबरत विचारलं, म्हणजे व्हिटॅमिनने फायदा होतो ना? डॉक्टर म्हणाली, "कमी असेल ते भरून काढायचं. थोडी मदत होते. पण घाण आत ठेवून वरून व्हिटॅमिन दिलं तर काही उपयोग नाही. आधी सफाई."

आधी नीचे देख.

ताईशी आज नीट बोललो. मी म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, "माझं पण. मी तुला ओरडायचे आणि देवाजवळची बाटली पुसायचे." मग ती म्हणाली, "एक सांगू? तुझा फोन यायचा त्या दिवशी ती दोनच खायची. यायचा नाही त्या दिवशी बाटली घेऊन खिडकीत बसायची. मी बघितलंय. मला वाटायचं देवाचं काहीतरी म्हणतेय."

मला हे पटलं नाही. ठणाकत असेल त्या दिवशी. फोनचा आणि गोळीचा काय संबंध? असं कधी असतं का?

डायरी मागे उलटून बघितली. दसऱ्याच्या आधी आठवडाभर मी फोन केलेला नाही.

असेल योगायोग.

शुक्रवार, १२ डिसेंबर

चारही भाग झाले. रक्त थांबलं. उशी पांढरी, ताईने फोटो पाठवला. उशीचा फोटो! मी तो शर्माला दाखवला, तो म्हणाला पागल हो गया है. मी त्याला जेवू घातलं.

आई आता मऊ ब्रशने घासते. कुरकुरते, "ह्यां कसलां, देवळातली घंटा पुसल्यासारखां." मिशरीचा डबा ताईने तिच्यादेखत कचऱ्यात टाकला, तर दोन दिवस अबोला. पण बाहेर जाऊन नवीन आणली नाही.

शुक्रवार, १६ जानेवारी

रिपोर्ट आला. पावणेदहाची पावणेआठ झाली. ताईने सांगितलं तेव्हा मी परांचीवरच होतो, उतरलो आणि खाली वाळूत बसलो. फोरमन म्हणाला, कोई मर गया क्या? मी म्हटलं, नहीं, नहीं मरा कोई.

साखरेच्या डॉक्टरने गोळ्या पण बदलल्या होत्या, त्यामुळे सगळं हिरड्यांचं श्रेय नाही म्हणे. असू दे. खालची ओळ वाचली. त्यातला एकच दात काढावा लागला, बाकीच्यांना हिरडीने धरलं. म्हणजे दसऱ्याचा आणि हा, समोर दोन खिंडी. आई आता माणसांत तोंडावर पदर धरून बोलते. गंगुबाई चिडवते, "जाईबाय, नवी नवरी झालंस काय गो?" ही हसायची ती आता हसत पण नाही. डॉक्टर म्हणाली, हिरड्या बसल्यात, आता दोन दात पक्के बसवता येतील, पण खर्च मोठा आहे.

संध्याकाळी आईचा फोन. इकडचं तिकडचं बोलली. खिडकीतून भारतमाता टॉकीजकडच्या गाड्यांचा आवाज येत होता. मग एकदम म्हणाली, "स्वप्नीला, मगे आता आठवण इली तर मी काय खाव?"

मी हसलो. म्हटलं, "बडीशेप खा. बिनसाखरेची."

ती हसली नाही. म्हणाली, "बरां." मग म्हणाली, "फेब्रुवारीत येतलंस मां?"

मी म्हटलं, बघतो.

माझं तिकीट फेब्रुवारीचं ठरलेलं आहे, पैसे बाजूला ठेवलेत, पण तिकीट अजून काढलं नाहीये. सगळं गणित मांडून बघितलं. मी आलो तर दात होत नाहीत. दात झाले तर मी येत नाही. मी येऊन काय, पंधरा दिवस राहणार, ताईशी भांडणार आणि परत. दात तिच्याजवळ रोज राहतील.

ताईला अजून सांगितलं नाही. ती ओरडेल.

उद्या सकाळी मनी एक्स्चेंज उघडलं की दातांसाठी पाठवतोय, तिकिटाचे धरून: अडतीस हजार रुपये.